धावणाऱ्याचा मुक्काम : झोप, आहार आणि थकव्याची भरपाई

जव्हार शहराजवळील शिरपामाळ हे ठिकाण आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. १६६४ साली सुरतेच्या स्वारीवर जाताना छत्रपती शिवाजी महाराजांनी ह्या माळावर मुक्काम केला व जव्हारचे राजे विक्रमशहा ह्यांनी शिरपेच देऊन त्यांचे स्वागत केले, अशी परंपरा येथे सांगितली जाते. त्या शिरपेचावरूनच माळाला शिरपामाळ हे नाव मिळाले. ह्या माळावर पोहोचले की एक साधी गोष्ट मनात येते. लांबच्या मजला मारणाऱ्या घोडदळालाही मुक्काम चुकत नव्हता. माणसांना भाकर, घोड्यांना दाणा-वैरण आणि दोघांनाही विश्रांती मिळाल्यावाचून पुढची मजल गाठता येत नसे. मुक्काम हा प्रवासाचाच एक भाग होता.

हा विचार आज मांडण्याचे कारण असे की, आपल्या भागात लांब पल्ल्याच्या शर्यतींत भाग घेणाऱ्यांची संख्या वाढली आहे. २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली, २०११ साली वसई-विरार मॅरेथॉन सुरू झाली, आणि पाहता पाहता शिक्षक, परिचारिका, बँकेतील कर्मचारी, शेतकरी, गृहिणी असे सर्व थरांतील लोक पहाटे रस्त्यावर धावताना दिसू लागले. ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि ह्या हौशी धावपटूंशी बोलताना आम्हांला वारंवार एक प्रकार आढळतो. आज किती किलोमीटर झाले, किती वेळात झाले, कोणते बूट घेतले, ह्यांचा हिशेब तोंडपाठ असतो. रात्री किती तास झोप झाली आणि धावून आल्यावर पोटात काय गेले, हे विचारले की मात्र उत्तर मिळत नाही. ह्या लेखात आम्ही त्याच दोन गोष्टींविषयी सविस्तर लिहिणार आहोत.

सावरपाड्याचे उदाहरण

जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ प्रदेश ओलांडला की नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर तालुक्याचा हरसूल परिसर लागतो. त्या परिसरातील सावरपाडा ह्या लहानशा आदिवासी पाड्यावर कविता राऊत ही धावपटू जन्मली. २०१० साली दिल्ली येथे झालेल्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत तिने १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले, तर त्याच वर्षी चीनमधील ग्वांगझू येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतरात रौप्यपदक पटकाविले. २०१२ साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती मॅरेथॉन धावली. 'सावरपाडा एक्स्प्रेस' हे तिचे नाव घराघरांत पोहोचले.

अशी उदाहरणे ऐकली की, 'डोंगरातली मुले जात्याच काटक असतात, त्यांना काही लागत नाही', असे आपण सहज बोलून जातो. हे अर्धसत्य आहे. चढ-उतार पायांखाली घालून वाढलेल्या मुलांची छाती व पाय मजबूत असतात हे खरे. पण जव्हार-मोखाड्याचे नाव बालकांच्या कुपोषणासाठीही वृत्तपत्रांत वर्षानुवर्षे येत राहिले आहे, हे विसरता येत नाही. काटक शरीरालाही भरपाई लागते. जी भरपाई मिळत नाही, तिची किंमत शरीर आज ना उद्या वसूल करतेच.

धावताना शरीरात काय खर्च होते?

आधी खर्च समजून घेऊ. लांब अंतर धावताना प्रामुख्याने तीन गोष्टी खर्ची पडतात.

पहिली म्हणजे साठवलेले इंधन. आपण खाल्लेला भात, भाकरी, केळी ह्यांतील पिष्टमय पदार्थ ग्लायकोजेन ह्या रूपात स्नायूंत व यकृतात साठविले जातात. हा साठा मर्यादित, साधारणतः चारशे ते पाचशे ग्रॅम इतकाच असतो. दीड-दोन तासांहून अधिक धावले की तो आटू लागतो. मॅरेथॉनमध्ये तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पाय अचानक शिशासारखे जड होतात, ते मुख्यतः ह्याच कारणाने. १९६० च्या दशकात स्वीडनमधील बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन ह्या संशोधकांनी सुईने स्नायूचा सूक्ष्म नमुना काढून हे प्रत्यक्ष दाखवून दिले, आणि पिष्टमय आहाराने हा साठा पुन्हा भरतो हेही सिद्ध केले.

दुसरी गोष्ट म्हणजे स्नायूंची सूक्ष्म झीज. प्रत्येक पावलागणिक शरीराचा भार झेलताना स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. उतारावर ही इजा अधिक होते, कारण तेथे स्नायू ताणला जात असतानाच त्याला जोर लावून शरीर आवरावे लागते. म्हणून घाट चढताना दम लागतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतरल्यामुळे. हे दुखणे चोवीस ते बहात्तर तासांत सर्वांत जास्त जाणवते. 'लॅक्टिक ॲसिड साठले म्हणून पाय दुखतात' ही समजूत आजही सर्वत्र ऐकू येते, पण ती बरोबर नाही. धावताना तयार झालेले लॅक्टेट तास-दीड तासात पूर्वीच्या पातळीवर येते. दोन दिवसांनी होणाऱ्या वेदनेला ते जबाबदार नसते.

तिसरी गोष्ट म्हणजे घामावाटे जाणारे पाणी व मीठ. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही व घाम आणखीच येत राहतो.

आता मुख्य मुद्दा. धावण्याने शरीर बळकट होते असे आपण म्हणतो, पण धावत असताना ते बळकट होत नसते, खर्च होत असते. बळ येते ते नंतरच्या तासांत, म्हणजे इंधनाचा साठा भरताना आणि झिजलेले तंतू पूर्वीपेक्षा मजबूत बांधले जाताना. ही बांधणी दोन साधनांनी होते. आहार हा तिचा माल आणि झोप ही तिची वेळ. माल नसेल किंवा वेळ नसेल, तर कितीही किलोमीटर धावले तरी शरीर नुसते झिजत राहते.

झोप : न दिसणारा सराव

निरोगी प्रौढ व्यक्तीने रात्री किमान सात तास झोपावे, अशी शिफारस अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या दोन संस्थांनी २०१५ साली संयुक्तपणे केली. ही सर्वसाधारण माणसासाठी आहे. जो आठवड्याला चाळीस-पन्नास किलोमीटर धावतो, त्याची गरज बहुधा ह्याहून थोडी अधिकच असते.

झोपेत नेमके काय घडते? रात्रीच्या पहिल्या काही तासांत गाढ झोप अधिक असते, आणि ह्याच काळात वाढीचे संप्रेरक सर्वांत जास्त प्रमाणात स्रवते. ऊतींच्या दुरुस्तीशी त्याचा संबंध आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, तरुण स्त्री-पुरुषांना केवळ एक रात्र पूर्ण जागे ठेवले असता, स्नायूंत प्रथिने बांधली जाण्याचा वेग १८ टक्क्यांनी कमी झाला. ह्याआधी १९९९ साली शिकागोतील संशोधकांनी निरोगी तरुणांना सहा रात्री केवळ चार-चार तास अंथरुणावर राहू दिले, तेव्हा रक्तातील साखर हाताळण्याची त्यांची क्षमता ढासळली. पुढे २००४ साली त्याच संशोधकांनी दाखविले की, अपुऱ्या झोपेने भूक वाढविणारे संप्रेरक वाढते आणि पोट भरल्याची जाणीव देणारे घटते. वजन उतरविण्यासाठी पहाटे चारला उठून धावणारा माणूस दिवसभर वडापाव आणि फरसाणाकडे का ओढला जातो, ह्याचे उत्तर पुष्कळदा त्याच्या कापलेल्या झोपेत असते.

उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. २०१९ साली ऑस्ट्रेलियातच थोड्या सायकलपटूंवर व ट्रायथलॉनपटूंवर केलेल्या एका प्रयोगात, सलग तीन रात्री सुमारे साडेआठ तास झोपल्यावर त्यांची सहनशक्तीची कसोटी नेहमीच्या व तोकड्या झोपेपेक्षा सरस ठरली. हे प्रयोग लहान आहेत, त्यांवरून फार मोठे दावे करणे योग्य नव्हे. पण सर्वांची दिशा एकच आहे.

आता आपल्या घराकडे वळू. वसई-विरारहून मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्याचा दिवस सर्वांना ठाऊक आहे. रात्री नऊ-साडेनऊला विरारच्या गाडीतून उतरायचे, घरी येऊन जेवायचे, मुलांची विचारपूस करायची, मग मोबाइल हाती घ्यायचा. झोपायला साडेअकरा-बारा होतात. त्यातच धावण्यासाठी चारचा गजर. म्हणजे झोप मिळाली चार ते साडेचार तास, आणि वर बारा किलोमीटर. अशा बंधू-भगिनींना आमचे सांगणे स्पष्ट आहे : झोप कापून मिळविलेला किलोमीटर हा कर्जाऊ किलोमीटर आहे. साडेचारला उठायचे असेल, तर नऊ-साडेनऊला दिवा मालवला गेला पाहिजे. ते शक्य नसेल त्या दिवशी धावू नये किंवा अंतर निम्मे करावे. आठवड्यातील सहा अर्धवट सरावांपेक्षा पुरेशा झोपेचे चार सराव अधिक फळ देतात.

घरातील स्त्रीचा विचार येथे मुद्दाम करावयास हवा. सर्वांत शेवटी झोपणारी आणि सर्वांत आधी उठणारी व्यक्ती बहुतेक घरांत तीच असते. ती धावू लागली की घर तिचे कौतुक करते, पण डबे, पाणी भरणे, मुलांची शाळा ह्यांतले काहीही कमी होत नाही, आणि धावण्याचा एक तास निघतो तो तिच्याच झोपेतून. रात्रीची भांडी व सकाळचा चहा ही कामे घरातील दुसऱ्या कोणी उचलली, तर बुटांच्या भेटीपेक्षा ती मोठी मदत ठरेल.

वाढत्या वयातील मुलांची गोष्ट अधिक नाजूक आहे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रात्री आठ ते दहा तास झोप हवी. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या शालेय खेळाडूंना दुखापत होण्याची शक्यता पुरेशी झोपणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे १.७ पट आढळली. रात्री उशिरापर्यंत शिकवणी आणि पहाटे पाचला मैदान, असा दिनक्रम आखणाऱ्या पालकांनी व प्रशिक्षकांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

काही व्यवहारातल्या सूचना अशा. दुपारी चारनंतर चहा-कॉफी टाळावी, कारण त्यातील कॅफिनचा निम्मा अंश सुमारे पाच तासांनंतरही शरीरात शिल्लक असतो. झोपण्यापूर्वी अर्धा तास मोबाइल दूर ठेवावा. रात्रपाळी करणाऱ्यांनी, परिचारिकांनी, मासेमारीस जाणाऱ्यांनी जेव्हा वेळ मिळेल तेव्हा अंधाऱ्या खोलीत झोप भरून काढावी. पाळी संपल्यावर थेट धावायला जाऊ नये. दुपारी वीस-तीस मिनिटांची डुलकी उपयोगी पडते. आणि शर्यतीच्या आदल्या रात्री झोप लागली नाही तर घाबरू नये. ती सर्वांनाच कमी लागते. त्याआधीचा संपूर्ण आठवडा नीट झोपलेल्याचे एका रात्रीने फारसे बिघडत नाही.

आहार : आपल्याच स्वयंपाकघरातून

पुनर्भरणाच्या आहाराविषयी बाजारात पुष्कळ डबे व पुड्या मिळतात. हौशी धावपटूला त्यांची क्वचितच गरज पडते. गरज असते ती तीन गोष्टींची : इंधन भरणारे पिष्टमय पदार्थ, बांधणी करणारी प्रथिने, आणि पुरेसे एकूण अन्न.

धावणे संपल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत स्नायू साखर वेगाने शोषून घेतात. खाण्यास दोन तास उशीर केला तर हा वेग मंदावतो, असे १९८८ साली अमेरिकेत दिसून आले. जे रोज किंवा दिवसातून दोनदा धावतात त्यांच्यासाठी हे महत्त्वाचे आहे. दिवसाआड धावणाऱ्याचा साठा दिवसभराच्या व्यवस्थित जेवणानेही चोवीस तासांत भरून निघतो. तरीही लांब धाव घेतल्यावर तासाभरात काहीतरी खाणे हिताचे. वसईची केळी किंवा सुकेळी, उकडलेली रताळी, पोहे, गूळ-शेंगदाणे, तांदळाची पेज, ह्यांतील काहीही चालेल. रविवारी पहाटे वीस किलोमीटर धावून, केवळ चहा घेऊन मिस्सेला जाणे आणि पहिला घास साडेअकराला खाणे, ही सवय मात्र मोडली पाहिजे. कम्युनियनपूर्वीचा उपवास एक तासाचा आहे. त्यामुळे धावून आल्याबरोबर न्याहारी करून मिस्सेला जाण्यास अडचण नसते.

प्रथिनांचा हिशेब थोडा तपशिलाने पाहू. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार सर्वसाधारण प्रौढास दररोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. नियमित व्यायाम करणाऱ्यांसाठी जगभरच्या क्रीडा-आहारतज्ज्ञांनी ही गरज १.२ ते २ ग्रॅम अशी धरली आहे. हौशी धावपटूने १.२ ते १.६ चे प्रमाण गाठले तरी पुरे. म्हणजे साठ किलो वजनाच्या व्यक्तीस दिवसाला सुमारे ७० ते ९५ ग्रॅम. दोन अंडी (१२ ग्रॅम), एक पेला दूध (६ ग्रॅम), दोन वाट्या घट्ट वरण किंवा कुळथाची आमटी (१३ ग्रॅम), मध्यम आकाराचे मासे (१८ ग्रॅम), आणि दिवसभराचा भात व चपाती मिळून (२० ग्रॅम) इतके खाल्ले तर बेरीज ७० च्या आसपास जाते. त्यात मूठभर शेंगदाणे घातले की आणखी सातेक ग्रॅमची भर पडते. हे सारे पदार्थ आपल्या घरात असतातच. प्रश्न असतो तो वाटणीचा. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी भात व पातळ वरण आणि सर्व मासे रात्रीच्या ताटात, असे न करता प्रत्येक जेवणात प्रथिनांचा वाटा असावा, कारण शरीर एका वेळी साधारण वीस-पंचवीस ग्रॅमच बांधणीसाठी उत्तम प्रकारे वापरते. रात्रीच्या जेवणातही तो वगळू नये. झोपण्यापूर्वी घेतलेली प्रथिने रात्री पचून स्नायूंच्या बांधणीस लागतात, हे नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१२ साली दाखविले.

जव्हार-मोखाड्याच्या वरकस जमिनीतून येणाऱ्या नाचणी, वरी, उडीद ह्या पिकांकडे शहरातील लोक आता नव्याने वळत आहेत. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदूळ-गव्हाच्या मानाने हे कितीतरी अधिक असून हाडांसाठी मोलाचे आहे. परंतु नाचणी म्हणजे सर्व काही नव्हे. तिच्यात प्रथिने अवघी सात टक्के असतात. म्हणून नाचणीच्या भाकरीसोबत उडदाची किंवा कुळथाची आमटी हवीच. ह्या डाळींत प्रथिने बावीस टक्क्यांच्या घरात असतात. डोंगरातील जुन्या माणसांनी भाकरीबरोबर आमटी आणि जोडीला सुकटीची चटणी ही जी सांगड घातली, ती आहारशास्त्रालाही मान्य आहे.

पाणी, मीठ आणि दोन धोके

धावण्यापूर्वी व नंतर वजन करून पाहावे. एक किलो घटले असेल, तर सुमारे एक लिटर घाम गेला असे समजावे. पुढील काही तासांत त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी हळूहळू प्यावे, व सोबत मिठाचा अंश असावा. ताक, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी, मीठ घातलेली पेज, नाचणीची आंबील ही आपली जुनी पेये ह्या कामी उत्तम आहेत. मात्र 'जितके पाणी प्याल तितके चांगले' हे खरे नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम घातक वाटावे इतके किंवा त्या दिशेने उतरलेले होते, आणि शर्यतीत अति पाणी पिणे हे त्याचे एक प्रमुख कारण ठरले. तहान लागेल तसे पिणे हा साधा नियम बरा.

पहिला धोका मद्याचा. शर्यत संपली की मित्रमंडळींत 'सेलिब्रेशन' होते. आपल्याकडे त्याच सुमारास लग्नसराई व नाताळही असतो. २०१४ साली ऑस्ट्रेलियात केलेल्या प्रयोगात, व्यायामानंतर भरपूर मद्य घेतल्यास, सोबत प्रथिने घेऊनही, स्नायूंची बांधणी सुमारे एक चतुर्थांशाने मंदावलेली आढळली. मद्याने झोपही तुटक होते. म्हणजे भरपाईच्या दोन्ही वाटा एकाच पेल्याने अडतात.

दुसरा धोका वेदनाशामक गोळ्यांचा. आयबुप्रोफेनसारखी गोळी घेऊन लांब शर्यत धावण्याची सवय काहींना जडलेली आहे. शरीरातील पाणी घटलेले असताना ह्या गोळ्या मूत्रपिंडास इजा करू शकतात. दुखणे दाबून धावण्यापेक्षा दुखण्याचे ऐकणे शहाणपणाचे.

मुलींकडे विशेष लक्ष

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. धावणाऱ्या मुलीच्या शरीरातून घाम, मासिक पाळी आणि तळपायांवरील आघाताने फुटणाऱ्या रक्तपेशी ह्यांवाटे लोह जाते. शिवाय जोरदार व्यायामानंतर काही तास, हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढल्याने, लोह शोषलेही कमी जाते. पूर्वी सहज होणारे अंतर अवघड वाटू लागले, जिना चढताना दम लागू लागला, तर 'आळशी झाली' असे न म्हणता प्रथम हिमोग्लोबिन तपासावे. आहारात कलेजी, मासे, कडधान्ये, शेवग्याचा पाला असावा. त्यांबरोबर लिंबू किंवा आवळा घ्यावा, आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये, कारण तो लोहाचे शोषण रोखतो. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

ह्याहून गंभीर बाब म्हणजे ऊर्जेची तूट. खर्चाच्या मानाने अन्न सतत कमी पडत राहिले, तर शरीर आपली आवश्यक कामे एकेक करून आवरू लागते. मुलींची पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडे ठिसूळ होतात, वारंवार ताप-सर्दी होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली ह्या अवस्थेकडे जगाचे लक्ष वेधले व २०२३ साली त्याविषयीचे मार्गदर्शन अद्ययावत केले. पुरुषांनाही ती होते. पाळी थांबणे हे कसून सराव केल्याचे प्रशस्तिपत्रक नसून धोक्याची घंटा आहे. आई, मोठी बहीण, शिक्षिका, वसतिगृहातील सिस्टर ह्यांच्याजवळ मुलीला हे मोकळेपणाने बोलता आले पाहिजे.

येथे शहर व डोंगर ह्यांतील फरक स्पष्ट दिसतो. किनाऱ्यावरच्या धावपटूकडे अन्न आहे, झोप नाही. डोंगरातल्या मुला-मुलींना रात्र लवकर होते म्हणून झोप बहुधा मिळते, पण ताटातील अन्न अपुरे पडते. आपला धर्मप्रांत वसईच्या किनाऱ्यापासून जव्हार-मोखाड्याच्या माळांपर्यंत पसरला आहे. आपण शर्यती भरवितो, चषक देतो, क्वचित बूटही वाटतो. ज्या मुलीला आपण पाच किलोमीटर धावायला लावतो, तिला त्या दिवशी आणि त्यानंतरच्या सरावाच्या दिवसांत दोन अंडी, पेलाभर दूध आणि पोटभर जेवण मिळते का, हे पाहण्याची जबाबदारीही आपलीच आहे. चषकाच्या खर्चातून अंडी घेतली तरी स्पर्धेची शोभा कमी होणार नाही.

शर्यतीनंतर आणि उपवासाच्या दिवसांत

पूर्ण मॅरेथॉननंतर स्नायू पूर्ववत होण्यास दोन ते तीन आठवडे लागू शकतात. पहिला आठवडा केवळ चालणे, हलका व्यायाम, रोज एखादा तास अधिक झोप, व नेहमीसारखे भरपूर जेवण. 'आता धावत नाही, म्हणून कमी खातो' ही ह्या आठवड्यातील नेहमीची चूक. दुरुस्ती चालू असताना माल बंद करू नये. वसई-विरारची शर्यत हल्ली डिसेंबरात व मुंबईची जानेवारीत असते, आणि मध्ये नाताळची जागरणे व लग्ने येतात. दोन्ही पूर्ण शर्यती जोमाने धावण्याचा आग्रह नवख्यांनी धरू नये.

राखेचा बुधवार व गुड फ्रायडे ह्या दोन दिवशी अठरा ते एकोणसाठ वयाच्या प्रौढांना उपवास विहित आहे. हे दिवस धावण्याच्या विश्रांतीचे ठेवले की प्रश्नच उरत नाही. उपवासकाळात जे अधिक दिवस उपास करतात, त्यांनी त्या दिवशी लांब किंवा वेगाची धाव टाळावी. वजन उतरविण्याच्या हेतूने केलेली उपासमार आणि उपवास ह्या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात असू द्यावे.

भरपाई होत नसल्याच्या खुणा पुढीलप्रमाणे : सकाळी उठल्यावरची नाडी अनेक दिवस नेहमीपेक्षा जलद चालणे, थकूनही झोप न लागणे, विनाकारण चिडचिड, भूक मंदावणे, त्याच वेगाला अधिक दम लागणे. अशा वेळी दोन-तीन दिवस सुट्टी घ्यावी, जेवण व झोप वाढवावी. छातीत दुखणे, भोवळ येऊन पडणे किंवा लघवी काळपट-तांबूस होणे ही लक्षणे दिसल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

जुन्या करारातील एलिया संदेष्ट्याची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. थकून-हरून तो झुडपाखाली निजला. देवदूताने त्याला उठविले ते भाकर व पाणी देण्यासाठी. खाऊन तो पुन्हा झोपला, पुन्हा उठून जेवला, आणि मगच त्याच्याने पुढील चाळीस दिवसांची वाट चालवली. त्या थकलेल्या माणसाला आधी कोणी बोल लावला नाही. आधी झोप आणि जेवण दिले.

धावणाऱ्या आमच्या सर्व बंधू-भगिनींनी ह्या आठवड्यापासून सरावाच्या वहीत किलोमीटरच्या शेजारी आणखी दोन रकाने आखावेत : झोपेचे तास, आणि धावल्यावर किती वेळाने काय खाल्ले. महिनाभरात वहीच सांगेल की कमतरता कशाची आहे. आणि ज्यांच्या घरात कोणी धावते, त्यांनी त्या माणसाला रात्री वेळेवर झोपू द्यावे व ताटात एक वाटी आमटी जास्त वाढावी.